गॅरेजचं शटर रंगवावं की बदलावं? गोव्यात हे काम पहिल्यांदाच काढणाऱ्यांसाठी

शटरचा रंग उडालेला दिसला की आपण आधी दुकानातून रंगांचं कार्ड आणतो आणि छटेवरून घरात दोन दिवस वाद घालतो. ते सगळं नंतर. आधी शटर पूर्ण खाली ओढा, समोर उकिडवे बसा आणि जमिनीपासूनची वीतभर जागा नीट बघा. गोव्यातलं लोखंडी शटर किंवा गेट वरून सडत नाही, खालून सडतं. रंगवायचं, दुरुस्त करायचं की भंगारात घालायचं, याचा निकाल त्या वीतभर जागेत लागतो. छातीच्या उंचीवर रंग किती फिका पडलाय याला फारसा अर्थ नाही.

पाऊस जमिनीवर आपटून उडतो तो पहिल्या फूटभर उंचीपर्यंत. त्याबरोबर तांबडी माती उडते, पट्ट्यांच्या खाचेत बसते आणि आठवडा आठवडा ओली राहते. शटरच्या तळाला जो अँगल (काटकोनात वळलेली लोखंडी पट्टी) असतो त्यात पाणी साठतं. किनाऱ्याकडच्या गावात यात हवेतल्या मिठाची भर पडते. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून पाऊस नसतानाही तो पत्रा पुरता सुकत नाही. शिवाय वाड्यावरची कुत्री. सगळी त्याच कोपऱ्यावर पाय वर करतात. ऐकायला गंमत वाटते, पण शटर ज्या खोबणीत सरकतं त्या गाईड चॅनेलचा खालचा कोपरा आधी कुजण्यामागे हेही एक कारण असतं.

पुण्या-कोल्हापूरकडून येऊन इथे घर घेतलेल्यांना एक गोष्ट पटायला वेळ लागतो. तिकडे लोखंडाला पाच-सहा वर्षांनी एकदा रंगाचा हात मारला की भागतं. इथे कळंगुट, कोलवा, हरमल अशा पट्ट्यात दोन पावसाळ्यांत पोपडे निघायला लागतात आणि बिचारा पेंटर शिव्या खातो. प्रत्येक वेळी दोष त्याचा नसतो, तसा रंगाचाही नसतो.

आधी पाहणी

एक जाड स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च, ब्लेड आणि चिकटपट्टी एवढं घ्या.

स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने खालच्या पट्ट्यांवर आणि तळाच्या अँगलवर ठोका. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, आतून खाल्लेला बद्द वाजतो. मग टोक दाबून बघा. टोक आत शिरलं किंवा गंज पापुद्र्यांच्या थरात सुटून आला, तर तिथलं लोखंड गेलं. वरवरचा गंज वेगळा दिसतो. तो भगवट-तांबूस, भुकटीसारखा असतो आणि घासला की खाली चकाकी दिसते. पापुद्रे काळपट असतात, नखाने निघतात आणि खाली चकाकी येत नाही.

आता आत जा, दिवे बंद करा आणि भर दुपारी शटर खाली ठेवून बघा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसतात का? एखाद-दुसरा असेल तर हरकत नाही. ओळीने दिसले, त्यातही दोन पट्ट्या एकमेकींत अडकतात त्या सांध्यावर दिसले, तर रंगावर पैसे घालू नका. सांधा हीच शटरची ताकद असते. तो गेला की पट्ट्या वर-खाली करताना सुटतात.

दोन्ही बाजूंचे गाईड चॅनेल पायथ्याशी तपासा. पुष्कळ घरांत फरशी घालताना चॅनेलचं टोक सिमेंटमध्ये गाडून टाकलेलं असतं. आत उतरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते, त्यामुळे फरशीच्या अगदी रेषेवर चॅनेल कुजतो. बाहेरून रंग धड दिसतो आणि बोट दाबलं की आत जातं.

राहिला रंग किती घट्ट धरून आहे हा प्रश्न. धड दिसणाऱ्या भागावर ब्लेडने फुलीची खूण कापा, वर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंगाचे तुकडे आले तर जुना रंग सगळा काढावा लागेल. काही आलं नाही तर तो रंग ठेवा, नुसता खरखरीत करून घ्या. मजुरीचा अर्धा हिशेब या चिकटपट्टीवर ठरतो, म्हणून पेंटरला बोलावण्याआधी हे स्वतः करून ठेवलेलं बरं.

शेवटी लोहचुंबक. चिकटला नाही तर शटर बहुधा अॅल्युमिनियमचं आहे. चिकटला, पण खरवडल्यावर करडी चकाकी आणि जागोजाग पांढरी भुकटी दिसली, तर पत्रा गॅल्व्हनाइज्ड आहे, म्हणजे त्यावर जस्ताचा थर आहे. हे आत्ताच कळायला हवं, कारण त्याचा प्रायमर वेगळा असतो.

मग काय ठरवायचं

गंज वरवरचा, ठिपके नाहीत, चॅनेल शाबूत असेल तर रंगवा. तळाचा अँगल आणि खालच्या दोन-तीन पट्ट्याच गेल्या असतील, तर शटर बदलायची गरज नाही. फॅब्रिकेटर (शटर बनवून बसवणारा) शटर उतरवून तेवढ्या पट्ट्या आणि अँगल बदलून देतो. हा मधला मार्ग तो आपणहून क्वचितच सुचवतो, कारण नव्या शटरमध्ये त्याला जास्त सुटतं. तुम्हीच विचारा. सांधे, चॅनेल आणि वरच्या पट्ट्या अशा तिन्ही ठिकाणी गंज असेल तर मात्र नवं घ्या.

शटर वर ढकलताना जड जातं, मध्येच थांबतं किंवा सोडलं की धाडकन खाली येतं, ही स्प्रिंगची तक्रार आहे. तिचा रंगाशी संबंध नाही. वरच्या पाइपातल्या स्प्रिंगा कायम ताणलेल्या असतात, शटर बंद असताना तर सगळ्यात जास्त. तिथला एकही नट स्वतः सैल करू नका. पाना हातातून निसटला तर मनगट मोडतं. घरच्या घरी करायच्या कामांत हे एवढं एक काम धरू नका.

केव्हा करायचं

गोव्यात घराला रंग काढायचा म्हणजे चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी, हा शिरस्ता आहे. भिंतींच्या बाबतीत तो कसाबसा निभतो. लोखंडाच्या बाबतीत तो सरळ नुकसानीचा. चवथ येते ऑगस्ट-सप्टेंबरात. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या मुलखात त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच पडतो. त्या दिवसांत पाऊस थांबला तरी हवा ओलीच असते. घासून चकचकीत केलेल्या पत्र्यावर तासा-दोन तासांत तांबूस झाक येते आणि पेंटर त्यावरच प्रायमर ओढतो. पाहुण्यांसाठी एवढंच अडलं असेल तर शटर स्वच्छ धुऊन घ्या, माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची चौकट) बघायला येणारं कुणी शटरकडे बघत नाही. रंगाचं काम दिवाळीनंतर.

नोव्हेंबर ते एप्रिल हा खरा काळ. ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडाटी सरी येतात, त्यावर भरवसा नाही. नाताळाच्या आधीचे पंधरा दिवस पेंटर मिळत नाहीत आणि मिळाला तर घाईत असतो. जानेवारीचा मध्य ते मार्च मला सगळ्यात सोयीचा वाटतो. मे महिन्यात पत्रा इतका तापतो की ब्रश उचलायच्या आत रंग ओढला जातो आणि त्याच्या रेघा तशाच राहतात.

दिवसातली वेळही पाहावी लागते. थंडीत पहाटे दव पडतं आणि लोखंड ते धरून ठेवतं. नऊ-दहापर्यंत पत्रा हाताला गार आणि चिकट लागतो. कारखान्यांत नियम असा असतो की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला दव धरायला लागतं त्यापेक्षा) किमान ३ अंश सेल्सियसने जास्त हवं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी. आपल्याकडे मोजायचं साधन नसतं. ओल्या फडक्याचा एक पट्टा पत्र्यावर ओढा. दहा-पंधरा मिनिटांत तो सुकला तर काम सुरू करा, ओला राहिला तर चहा घ्या. दुपारनंतर समुद्राकडून खारं वारं सुटतं, धूळही घेऊन येतं. म्हणजे शेवटचा हात दहा ते एकच्या दरम्यान उरकायचा. संध्याकाळी मारलेल्या इनॅमलवर (चकचकीत तेलरंगावर) रात्री दव बसलं की चकाकी जाऊन तो पांढुरका, मळकट दिसतो.

सामान आणि हिशेब

आठ फूट बाय आठ फुटांचं शटर म्हणजे ६४ चौरस फूट. पट्ट्या वळणदार असतात, म्हणून १५ ते २० टक्के जास्त धरा, म्हणजे साधारण ७५ चौरस फूट किंवा ७ चौरस मीटर. दोन्ही बाजू मिळून १४. एका लिटरमध्ये एका हाताला १० चौरस मीटर धरले तर प्रायमर दीड लिटर आणि रंगाचे दोन हात मिळून तीन लिटर लागतात. पेंटर याच्या दुप्पट सामान लिहून देत असेल तर कारण विचारा. आतल्या बाजूला "एकच हात बस" म्हणाला तरी विचारा. बंद गॅरेजात ओल जास्त असते, आतली बाजूही तितकीच गंजते.

प्रायमर कुठला, यावर दुकानात हमखास एकच उत्तर मिळतं: रेड ऑक्साइड. साध्या लोखंडी पत्र्यावर रेड ऑक्साइड झिंक क्रोमेट चालतो, अनेक वर्षं चालत आलाय. पण त्यातला क्रोमेट आरोग्याला घातक आहे. तो कोरडा घासून धूळ उडवू नका. झिंक फॉस्फेटचा प्रायमर मिळत असेल तर तो घ्या.

गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर मात्र साधा इनॅमल थेट मारायचा नाही. इनॅमलमधलं तेल आणि जस्त यांची प्रक्रिया होऊन मधे साबणासारखा थर तयार होतो आणि वर्षभरात रंग अख्ख्या चादरीने सुटून येतो. तिथे आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूचा पृष्ठभाग किंचित खाऊन घट्ट धरणारा, किंवा गॅल्व्हनाइज्ड पत्र्यासाठीच असलेला प्रायमर लागतो. अॅल्युमिनियमलाही तोच विचार.

समुद्र हाकेच्या अंतरावर असेल तर दोन डबे मिसळून वापरायचा इपॉक्सी प्रायमर आणि वर पीयू (पॉलियुरेथेन) रंग हा जास्त टिकाऊ जोड आहे. इपॉक्सी एकटा उन्हात ठेवला तर त्याचा खडू होतो, म्हणून वर पीयू हवाच. दोन अटी आहेत. तो जुन्या इनॅमलवर मारला तर खालचा रंग सुरकुतून उचलला जातो, तेव्हा पत्रा पूर्ण उघडा करावा लागतो. आणि मिसळलेला रंग काही तासांतच घट्ट होतो, त्यामुळे डब्यावरचं प्रमाण मोजून घेणारा पेंटर पाहिजे. असा माणूस नसेल तर साधा सिंथेटिक इनॅमल नीट मारलेला बरा. म्हापसा, मडगाव, फोंडा, कुठल्याही मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात हे सगळं मिळतं. डबे एकाच बॅचचे आहेत ना, तेवढं झाकणावर पाहून घ्या.

बाकी वायर ब्रश, खरवडणी, ८० आणि १८० नंबरचा पॉलिश पेपर, अडीच इंची ब्रश, फोमचा छोटा रोलर, मास्किंग टेप, टर्पेंटाइन, चष्मा, हातमोजे आणि चांगला मास्क. इनॅमल पातळ करायला टर्पेंटाइनच वापरा. घाईचा पेंटर एनसी थिनर (लॅकरचा तीव्र थिनर) ओततो, तो जुना रंग खातो.

घासणं: इथेच सगळं आहे

गाडी आधी बाहेर काढा. सांगायची गरज नाही असं वाटतं, पण ओल्या रंगाचं शटर चार दिवस खाली ठेवायचं असतं आणि स्कूटर आत अडकते.

पहिल्या दिवशी फक्त धुणं. साबणाच्या पाण्याने वरून खाली, खाचांत ब्रश घालून, मग भरपूर साध्या पाण्याने. पाणी कुठलं हे बघा. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. त्याने शटर धुणं म्हणजे मीठ काढून मीठ लावणं. नळाचं पाणी वापरा. चॅनेलमधलं जुनं ग्रीस टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून काढा, ग्रीसवर कुठलाच रंग धरत नाही. धुतलेलं शटर एक दिवस उन्हात सुकू द्या.

दुसऱ्या दिवशी सुटलेला रंग खरवडून काढा. घर जुनं असेल तर इथे जपा. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं हा नियम देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या इनॅमलमध्ये शिसं असू शकतं. म्हणून जुना रंग ओल्या पॉलिश पेपरने घासा, खाली प्लास्टिक अंथरा, लहान मुलं आणि गरोदर बाई यांना त्या बाजूला फिरकू देऊ नका आणि जमलेला चोथा केरात न मिसळता वेगळा बांधून टाका. ग्राइंडरला कप ब्रश लावला तर काम भराभर होतं, धूळही तितकीच उडते. तो फक्त रंग निघून गेलेल्या, गंजलेल्या भागावर वापरा. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर तर ग्राइंडर नकोच, जस्ताचा थर निघून जातो.

गंज कुठवर काढायचा? घासलेली जागा कोरड्या पांढऱ्या फडक्याने पुसा. फडक्यावर तांबूस भुकटी येत असेल तर अजून घासा. खोल खड्ड्यांत काळे ठिपके उरतात, तिथे फॉस्फरिक आम्लाचं गंजरोधक द्रावण ब्रशने लावा. डब्यावर धुवायला सांगितलं असेल तर धुऊन पूर्ण सुकवा.

आता पेंटर म्हणेल, "साहब, इतना घिसने की ज़रूरत नहीं, ऊपर से मार देता हूँ, नया जैसा दिखेगा." दिसेलही, पहिल्या पावसापर्यंत. गंजाखाली मीठ शिल्लक राहिलं की रंगाच्या आड गंज चालूच राहतो आणि फुगवटे येतात. त्यामुळे मजुरी ठरवताना घासण्याचे आणि रंगाचे पैसे वेगळे बोला. चौरस फुटाचा एकच दर दिला तर घासण्यावरच काट बसते. घासून झाल्यावर प्रायमर मारण्याआधी मला बोलवा, असंही सांगून ठेवा. पाच मिनिटं लागतात आणि पुढची चार वर्षं सुटतात.

घासलेलं लोखंड रात्रभर उघडं ठेवायचं नाही. सकाळी जेवढं घासलं तेवढं दुपारी प्रायमरखाली गेलं पाहिजे. म्हणून अख्खं शटर एकदम घासायला घेऊ नका. खालचा अर्धा भाग आज, वरचा उद्या.

प्रायमर आणि रंग

कुलूप, हँडल, चावीचं भोक आणि भिंतीची कड टेपने झाका. प्रायमरचा पहिला ब्रश तळाच्या अँगलवर, पट्ट्यांच्या खाचांत आणि वेल्डिंगच्या जागी फिरवा, मग उरलेला पृष्ठभाग घ्या. कडांवरून रंग मागे सरतो आणि तिथे तो पातळ बसतो, म्हणून कडांना आणि खालच्या वीतभर भागाला प्रायमरचा एक जादा हात. तळाच्या अँगलमध्ये पाणी निघायला भोकं नसतील तर प्रायमरच्या आधीच फूट-दीड फुटावर ८-१० मिलिमीटरची भोकं पाडून घ्या. या एका गोष्टीने शटरचं आयुष्य वाढतं आणि खर्च ड्रिलच्या बिटाएवढा.

गाईड चॅनेलच्या आत प्रायमरचा पातळ हात पुरे. तिथे जाड रंग दिला की पट्ट्या घासतात, रंग सोलला जातो आणि शटर अडकतं. पट्ट्यांच्या सांध्यांतही रंग साचू देऊ नका. साचलेला रंग शटर पहिल्यांदा वर करताना तडकतो आणि त्या तड्यातून पाणी शिरतं.

प्रायमर रात्रभर सुकला की १८० च्या पेपरने हलकेच फिरवून पुसून घ्या. मग रंगाचा पहिला हात ब्रशने, आडवा, पट्टीच्या लांबीने. दुसरा हात दुसऱ्या दिवशी, वळणावर ब्रश आणि सपाट भागावर रोलर. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा केव्हाही चांगले. जाड हात वरून सुकतो, आत ओला राहतो आणि उन्हात फोड येतात. स्प्रेने काम झकास दिसतं, पण वारं फिरलं की शेजाऱ्याची गाडी ठिपक्या-ठिपक्यांची होते. मोकळ्या जागेत ब्रशच बरा.

शेवटच्या हातानंतर शटर किमान तीन-चार दिवस खालीच. हाताला सुकलेलं लागलं तरी इनॅमल आतून मऊ असतो. वर गुंडाळलं की पट्टीला पट्टी चिकटते आणि उलगडताना रंग सोलून येतो.

रंगाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. करडा किंवा तपकिरी घेतलात तर तांबड्या मातीचे शिंतोडे लपतात, पांढरा घेतलात तर दर पावसाळ्यात पश्चात्ताप. गृहनिर्माण सोसायटीत असाल तर आधी कमिटीला विचारा, भाड्याने राहत असाल तर मालकाला. पणजीच्या मळा-फोन्तेन्यास या जुन्या वारसा भागात दर्शनी बाजूला काही बदल करण्याआधी पालिकेत चौकशी करा.

नवं घ्यायचं ठरलं तर

पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि नवा माणूस तिथेच फसतो. आकडा लहान तितका पत्रा जाड. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, २० गेज म्हणजे ०.९ च्या आसपास. कोटेशनवर गेज न लिहिता मिलिमीटर लिहून घ्या आणि माल आला की व्हर्नियरने मोजा. माप धरताना फॅब्रिकेटर मोकळ्या जागेपेक्षा जास्त धरतो. रुंदीत चॅनेलमध्ये जाणारा भाग असतो, उंचीत वर गुंडाळीसाठी फूट-दीड फूट असतो. ही फसवणूक नाही, पण तो नेमकं किती धरतोय हे आधी विचारलेलं बरं, नाहीतर बिलावरून बोलाचाली होतात.

धातू गावावरून ठरवा. वाळपई, साखळी, सांगे या बाजूला समुद्राचं मीठ फारसं पोचत नाही. तिथे गॅल्व्हनाइज्ड पट्ट्यांचं शटर उत्तम आणि साधं लोखंडीही नीट रंगवलं तर टिकतं. पणजी, म्हापसा, मडगावसारख्या ठिकाणी गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर कारखान्यातच रंग चढवून आलेल्या पट्ट्या घ्या. किनाऱ्याला लागून असाल तर पावडर कोटिंगचं अॅल्युमिनियम बघा. ते हलकं असतं आणि गंजत नाही, पण लोखंडी स्क्रूने बसवलं तर स्क्रूभोवतीचं अॅल्युमिनियम खारट ओलाव्यात पांढरं पडून कुजतं. स्क्रू स्टेनलेसचे आणि मधे नायलॉनचे वॉशर मागा. स्टेनलेसचं सगळं शटर हवं असेल तर ३०४ आणि ३१६ यांतला फरक लक्षात ठेवा. ३०४ वर समुद्राजवळ चहाच्या डागांसारखे ठिपके येतात. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला जास्त दाद देत नाही, आणि किंमतही त्या मानाने.

गोव्यातली खास अडचण चिऱ्यांची. जांभ्याचा चिरा मऊ आणि सच्छिद्र असतो. त्यात एक्सपान्शन फास्टनर (आवळला की भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) आवळला की भोवतीचा चिरा भुगा होतो आणि दोन-तीन वर्षांत चॅनेल डुगडुगायला लागतो. स्प्रिंगसकट वरचं सगळं वजन ज्या ब्रॅकेटवर असतं तो चिऱ्यावर कधीच बसवू देऊ नका. तिथे काँक्रीटचा लिंटेल (दारावरची आडवी तुळई) किंवा खांब हवा. नसेल तर ब्रॅकेटच्या आणि चॅनेलच्या बोल्टच्या जागी चिरा कोरून काँक्रीटचे ठोकळे भरून घ्या आणि ते पुरते पिकू द्या, मगच शटर चढवा. फॅब्रिकेटर "गिलाव्यावर बसतं" म्हणेल. गिलाव्यामागे चिराच आहे.

चॅनेल फरशीत गाडू देऊ नका. तळाशी बोटभर मोकळी जागा ठेवायला सांगा म्हणजे पाणी निघून जाईल. उंबऱ्याला बाहेरच्या बाजूला थोडा उतार द्या आणि तळाच्या अँगलला रबराची पट्टी लावून घ्या. साइटवर कापलेल्या आणि वेल्ड केलेल्या प्रत्येक जागेवर जस्ताचा थर जळालेला असतो, तिथे झिंक रिच (भरपूर जस्ताचा) प्रायमर मारल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. दरवाजा रुंद आणि मोकळ्या शेताकडे तोंड करून असेल तर पट्ट्यांच्या टोकांना विंड लॉक (पट्टी चॅनेलमधून निसटू न देणारे अडकण) मागा. जुलैतलं वारं रुंद शटरला चॅनेलमधून बाहेर खेचतं.

मोटर घेणार असाल तर हाताने उघडायची सोय आहे ना, ते दुकानातच चालवून बघा. पावसात वीज जाणं इथे नवं नाही, आणि वीज जाते नेमकी गाडी काढायच्या वेळी. मोटरला स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) आणि लाइनवर आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लावा. मे-जूनमध्ये विजा चमकायला लागल्या की मोटरचा स्विच बंद ठेवा.

जुन्या शटरचं काय, हे कामाआधी ठरवा. ते वजनावर विकलं जातं. फॅब्रिकेटर "आम्ही घेऊन जातो" असं उपकार केल्यासारखं म्हणतो. भंगाराचा भाव विचारून ती रक्कम बिलातून वजा करून घ्या, किंवा भंगारवाल्याला स्वतः बोलवा.

लाकडी दार असेल तर

जुन्या घरांत गाडीखान्याला फणसाची किंवा सागवानाची दोन फळ्यांची दारं अजून दिसतात. ती टाकून शटर लावण्याआधी सुताराला दाखवा. बहुधा खालची आडवी पट्टीच कुजलेली असते आणि तेवढीच बदलता येते. वाळवीची मातीची नळी चौकटीवर दिसली तर आधी तिचा बंदोबस्त, मग रंग. जुलैत दार फुगून घासायला लागलं म्हणून लगेच रंधा मारू नका. उन्हाळ्यात तेच दार आकसतं आणि बोटभर फट पडते. रंगवताना दाराची खालची कड विसरू नका. तिथे ब्रश पोचत नाही म्हणून पेंटर ती सोडून देतो आणि लाकूड पाणी पितं ते तिथूनच. दार बिजागरीतून उतरवून घ्यावं लागलं तरी चालेल.

काम झाल्यावर

उरलेलं टर्पेंटाइन विहिरीजवळ किंवा गटारात ओतू नका. डबा झाकून ठेवा, गाळ खाली बसतो आणि वरचं पुन्हा वापरता येतं. उरलेला रंग लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, अर्ध्या डब्यात त्याची साय धरते.

चॅनेलला ग्रीस लावायची सवय सोडा. ग्रीसला धूळ आणि वाळू चिकटून पट्ट्यांना घासणारं मलम तयार होतं. सिलिकॉनचा स्प्रे वापरा. पोर्चच्या आत असलेल्या शटरकडे जास्त लक्ष द्या. उघड्यावरचं मीठ पावसाने तरी धुऊन जातं, आडोशातलं तसंच साठत राहतं. किनाऱ्याजवळ ऑक्टोबर ते मे दर महिन्याला एकदा नळाच्या पाण्याने शटर धुवा. पावसाळा संपला की खालची वीतभर जागा पुन्हा ठोकून बघा. कुठे रंग टवका उडून लोखंड दिसत असेल तर तेवढीच जागा घासून प्रायमर आणि बाटलीतल्या रंगाचा हात त्याच आठवड्यात द्या.